मुलगी अठराची होण्याआधी

*पत्रलेखिका परिचारिका आहेत. एप्रिलमध्ये त्या तीन वर्षांच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात रुजू झाल्या. ऑस्की (परिचारिकांची प्रात्यक्षिक परीक्षा) पार पडली, आता बँड ५ (तिथली परिचारिकांची सुरुवातीची वेतनश्रेणी) वर काम करतात आणि रुग्णालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहतात. महाराष्ट्रात घरी पती, बारावीतली मुलगी (येत्या २० एप्रिलला अठरा पूर्ण), चौथीतला नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. घरात ठरलेला बेत असा: बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये दोन्ही मुलांना इंग्लंडला आणायचं. पतींची कारखान्यातली नोकरी सव्वाआठ वर्षांची आहे. दहा वर्षं भरून पेन्शन पक्की झाली की ते येतील. सासूबाईंसाठी एक एजंट चार लाख मागतो आहे. ‘आधी व्हिजिटवर नेऊ, तिथे पोचल्यावर डिपेंडंट (व्हिसाधारकावर अवलंबून असलेलं कुटुंबीय) करून देतो,’ असं त्याचं म्हणणं. लग्नाची नोंदणी झालेली नाही, मुलांचे पासपोर्ट काढायचे आहेत आणि नावांचा घोळ आहे. त्या विचारतात: एजंटाला पैसे द्यावेत का, कागद कोणते लागतील, आणि सगळ्यांना एकत्र आणायचा हट्ट चुकीचा आहे का?*

ताई, एजंटाला पैसे देऊ नका. का ते पुढे सांगतो. त्याआधी एक जास्त घाईची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता कंसात लिहून टाकली आहे: मुलीची जन्मतारीख.

तुमचा व्हिसा हा स्किल्ड वर्कर मार्गाचाच एक प्रकार. या मार्गावर मूल पहिल्यांदा डिपेंडंट म्हणून अर्ज करतं तेव्हा त्याचं वय अठराच्या आत असावं लागतं, आणि बघितलं जातं ते अर्ज केला त्या दिवशीचं वय. १९ एप्रिलला फी भरून ऑनलाइन अर्ज दाखल झाला तर ती तुमचं ‘मूल’. २१ एप्रिलला भरला तर ती एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती, आणि तुमच्या व्हिसाशी तिचा संबंध संपला. बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात. तुमच्या बेतातला जून उजाडेल तेव्हा हे दार बंद होऊन सहा-सात आठवडे लोटलेले असतील. ‘चारच दिवस उशीर झाला’ अशी विनवणी तिथे चालत नाही. उलट अठराच्या आत एकदा डिपेंडंट व्हिसा मिळाला की अठरा ओलांडल्यावरही तो पुढे वाढवून मिळू शकतो. अट एवढीच की ती तोवर तुमच्या घरात, तुमच्या आधारानं राहणारी हवी. लग्न झालं किंवा तिनं स्वतःचा वेगळा संसार मांडला, तर नाही.

दुसरी अडचण ‘मुलं आधी, नवरा मागून’ या क्रमाची. मुलाला डिपेंडंट व्हिसा देताना दोन्ही पालक यूकेमध्ये व्हिजिटर सोडून दुसऱ्या वैध व्हिसावर आहेत का, किंवा मुलाबरोबरच अर्ज करत आहेत का, हे पाहतात. अपवाद मोजके: दुसरा पालक हयात नाही, मुलाची पूर्ण जबाबदारी एकाच पालकावर आहे, किंवा परिस्थिती खरोखरच गंभीर आहे. तुमचा संसार सुरळीत चालू आहे. मुलं आज वडिलांजवळच राहतात, म्हणजे जबाबदारी तुमच्या एकटीची आहे असं म्हणायलाही जागा नाही. पेन्शनसाठी नोकरी टिकवायची आहे हे कारण अपवादात बसत नाही. वडिलांचं नोटरी केलेलं ना-हरकत पत्र जोडलं की भागतं, असा समज फार पसरला आहे. ते पत्र विमानतळावर किंवा शाळेत उपयोगी पडेल, पण हा नियम त्यानं बाजूला होत नाही. या एका मुद्द्यावर अर्ज नाकारले जातात आणि भरलेली फी बुडते.

क्रम उलटा चालतो, हे लक्षात ठेवा. नवरा आधी आला आणि मुलं मागून आली, किंवा तिघं एकत्र आले, तर आडकाठी नाही. तेव्हा खरा प्रश्न पतींच्या नोकरीचा आहे, आणि तिथे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं.

दहा वर्षं भरल्यावर पेन्शन लागते, हे खरं. पण किती? कर्मचारी पेन्शन योजनेचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली तर दहा वर्षांच्या सेवेला महिना २,१४३ रुपये होतात, तेही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. शिवाय आज नोकरी सोडली म्हणून सव्वाआठ वर्षं वाया जातात असंही नाही. पैसे काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट घेतलं, तर पुढे कधी भारतात पीएफ लागू असलेली नोकरी धरली की ही सेवा तिच्यात मिळवता येते. पाच वर्षं केव्हाच झाल्यानं ग्रॅच्युइटीचा हक्क तयार आहे, पीएफची शिल्लक त्यांचीच आहे. पतींच्या मनात नोकरी सोडण्याबद्दल दुसरी काही धास्ती असेल तर ती रास्तच असू शकते: चाळिशीत नव्या देशात, नव्या भाषेत, पहिले काही महिने बायकोच्या पगारावर. तसं असेल तर बोलणं त्यावर व्हावं. महिना दोन हजारांच्या पेन्शनआड ते दडून राहिलं, तर निर्णय चुकीच्या कारणावर होईल.

त्यांच्यासाठी एक जमेची बाजू: डिपेंडंट जोडीदाराला यूकेमध्ये जवळपास कुठलंही काम करता येतं. व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक एवढंच वर्ज्य आहे. मालकाकडून स्पॉन्सरशिप लागत नाही. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, तेवढ्या काळात तिथलं लायसन्स काढून घ्यावं. डिप्लोमा किंवा पदवी असेल तर यूके एनिककडून ती तिथल्या कुठल्या पातळीची आहे याचं पत्र मिळतं. कारखान्यातल्या अनुभवाला ते जोडीला असलेलं बरं.

आता मुलगी. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत. पतींचं आहे, सासूबाईंचं आहे, अगदी एजंटाचंही आहे. मुलीचं नाही. ती सतरा वर्षांची आहे आणि या सगळ्यात सर्वांत मोठी उलथापालथ तिच्या आयुष्यात होणार आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: डिपेंडंट म्हणून येण्याचा अर्थ इंग्लंडमध्ये स्वस्तात पदवी, असा नाही. तिथल्या ‘होम’ विद्यार्थ्यांसाठी इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षाला फीची कमाल मर्यादा ९,५३५ पाउंड आहे. ती मर्यादा आणि शिक्षणकर्ज मिळायला साधारणपणे सेटल्ड (कायम वास्तव्याचा) दर्जा आणि आधीची तीन वर्षं वास्तव्य लागतं. तुमची मुलगी आली की तिला परदेशी विद्यार्थिनीची फी लागेल, आणि त्या फीला कायद्याची कमाल मर्यादा नाही. काही विद्यापीठं आपली बारावी थेट पदवीला धरतात, काही आधी फाउंडेशन वर्ष करायला लावतात. बारावीनंतर एखाद्या कॉलेजात छोटा अभ्यासक्रम करायचा असेल तर फी लागेल की नाही हे त्या कॉलेजच्या प्रवेश विभागाला ईमेल करून आत्ताच विचारा. फोनवरच्या ‘होऊन जाईल’ वर जाऊ नका.

म्हणजे तिच्यापुढे दोन खरे पर्याय आहेत. एक, अठराच्या आत व्हिसा काढून येणं, काम किंवा शिक्षण तिथे सुरू करणं आणि महागडी फी किंवा एखाद-दोन वर्षांची वाट पाहणं स्वीकारणं. दुसरा, सीईटी देऊन महाराष्ट्रातच पदवी घेणं आणि पुढे स्वतःच्या बळावर स्टुडंट किंवा वर्क व्हिसा मिळवणं. मधला मार्ग, म्हणजे व्हिसा काढून ठेवायचा आणि चार वर्षं भारतात शिकायचं, दिसतो तितका भक्कम नाही. मुदतवाढीच्या वेळी ती तुमच्या घरात राहते हे दाखवावं लागेल, आणि चार वर्षं वसतिगृहात काढल्यावर ते दाखवणं अवघड. तिनं दुसरा पर्याय निवडला तर घर मोडलं असं समजू नका. अठराव्या वर्षी मूल शिकायला दुसऱ्या गावी जातंच, इथे आई-वडील दुसऱ्या गावी गेले एवढाच फरक. मात्र तिनं ‘नाही’ म्हणायचं ते दार उघडं असताना म्हणावं, दार बंद झाल्यावर नव्हे.

ती येणार असं ठरलं, तर परीक्षा संपायची वाट बघत बसू नका. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, प्रात्यक्षिकं त्याआधी. अर्जात प्रवासाची तारीख विचारतात. ती मार्चअखेर किंवा एप्रिलची पहिली तारीख टाकून तिघांचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरावेत आणि बोटांचे ठसे प्रात्यक्षिकांच्या आधी देऊन टाकावेत. भारतातून अर्ज केल्यास ठशांनंतर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. ठशांची भेट मुंबईत किंवा पुण्यात घेता येते. तिघांचे अर्ज तीन, पण तुमच्या अर्जाचा क्रमांक तिघांतही लागेल, तो पतींना आजच पाठवून ठेवा.

आता कागदांकडे वळू, कारण जानेवारी लांब वाटला तरी तुमच्याकडे कामं भरपूर आहेत.

सर्वांत किचकट भाग नावांचा आहे, आणि तो जवळजवळ खास आपल्याकडचा आहे. तुमचा पासपोर्ट आणि नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावावर. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून लग्नात ठेवलेलं नाव, त्यापुढे पतीचं नाव, सासरचं आडनाव. आपल्याला यात काही खटकत नाही. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र तीनही शब्द वेगळे असलेल्या दोन बायका दिसतात: एक व्हिसाधारक, दुसरी या मुलांची आई. या दोघी एकच आहेत हे कागदानं जोडून द्यावं लागतं. त्यासाठी विवाह प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं येतील असं पाहा. शिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र, नावबदलाची राजपत्रातली नोंद केली असेल तर तिची प्रत, आणि एक पानभर साधं पत्र: कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे आणि का. हे पत्र कुणी मागत नाही, पण त्यानं काम हलकं होतं. यासाठी आत्ता पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. व्हिसा, नोकरी आणि नोंदणी तिन्ही ठिकाणी बदल करत बसावं लागेल आणि जानेवारी हातचा जाईल.

लग्नाला अठरा वर्षं झाली असली तरी नोंदणी आता करता येते. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे साक्षीदार घेऊन जावं लागतं आणि उशिराचं शुल्क भरावं लागतं. नोंदणीला तुम्ही दोघंही समोर लागाल, म्हणून तुमची रजा आत्ताच मागून ठेवा. नोंदणीची तारीख ताजी आणि लग्नाची तारीख जुनी, हे पाहून अधिकाऱ्याच्या मनात शंका येऊ शकते. तेव्हा लग्नपत्रिका, त्या दिवसाचे दोन-चार फोटो आणि दोघांची नावं असलेला एखादा जुना कागद (रेशनकार्ड, एकत्र खातं, विमा पॉलिसी) जोडा. पत्रिका फक्त मराठीत असेल तर तिचं इंग्रजी भाषांतर लागेल, त्यावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘भाषांतर अचूक आहे’ असं विधान हवं.

मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, असं तुम्ही लिहिता. बारशाआधी दाखला काढला की हे सर्रास होतं. जिथे जन्म नोंदला त्याच कार्यालयात अर्ज करून नाव घालून घ्या, आणि मगच त्याच्या पासपोर्टच्या मागे लागा. मुलीच्या पासपोर्टचा अर्ज भरताना एक चौकट जपून निवडा. पंधरा ते अठरा वयात अठरा पूर्ण होईपर्यंतचा किंवा पूर्ण दहा वर्षांचा, असे दोन्ही पासपोर्ट मिळतात. पहिला निवडला तर तो एप्रिलमध्येच संपेल. दहा वर्षांचाच घ्या. व्हिसाच्या अर्जाला सोळाच्या वरच्या मुलांसाठी ती तुमच्या घरीच राहतात हे दाखवणारे दोन कागदही लागतात. मुलीसाठी कॉलेजचं पत्ता असलेलं पत्र आणि तिच्या नावच्या बँक खात्याचं विवरण चालेल. तिचं खातं नसेल तर या आठवड्यात उघडा.

क्षयरोगाची तपासणी तिघांनाही लागते, आणि ती ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या केंद्रातच करावी लागते. गावातल्या रेडिऑलॉजिस्टचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण त्यांनाही तिथल्या डॉक्टरांसमोर न्यावं लागतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी करतात आणि तिच्या कल्चरला आठ आठवडे लागू शकतात. पतींना किंवा मुलीला पूर्वी कधी क्षयरोग होऊन बरा झाला असेल, तर डिसेंबरपर्यंत थांबू नका, पासपोर्ट हातात आला की लगेच जा.

पैशांचं गणित तुमच्यासाठी बरं आहे. जोडीदारासाठी २८५ पाउंड, पहिल्या मुलासाठी ३१५, पुढच्या प्रत्येकासाठी २००, असे तुमच्या तिघांचे मिळून ८०० पाउंड खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. व्हिसासाठी रुग्णालयानं दिलेल्या तुमच्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर त्यानं डिपेंडंटच्या खर्चाचीही हमी दिली असेल तर तेही नको, ती ओळ उघडून वाचा. ‘मला यूकेमध्ये वर्ष झालं की पैसे दाखवावे लागत नाहीत’ हा समज अर्धवट आहे. ती सूट ज्याचा अर्ज आहे त्याला स्वतःला बारा महिने झाले असतील तर मिळते, भारतातून येणाऱ्याला नाही.

रक्कम लाखाच्या आसपास आहे, पण दीड लाख ठेवा. कारण इथे घात होतो तो एका दिवसानं. समजा ५ डिसेंबरला पैसे जमा झाले. अठ्ठाविसावा दिवस १ जानेवारीला येतो, आणि विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत अर्ज भरला गेला पाहिजे. मधेच १० तारखेला गाडीचा हप्ता आपोआप वळता झाला आणि शिल्लक एक दिवस ८०० पाउंडांखाली गेली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हप्ते, विमा, वीजबिल काहीही न जोडलेल्या खात्यात पैसे ठेवा. पतींचं बचत खातं उत्तम. सोनं, शेअर, विमा पॉलिसी यांची किंमत धरत नाहीत. आणि पतसंस्थेतली ठेव दाखवू नका. संस्था वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली असावी लागते, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत. तिथले पैसे वेळेत बँकेत आणा, आणि अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली याची पावती जपून ठेवा.

२०२५च्या एप्रिलमधल्या दरांनुसार हेल्थ अँड केअर व्हिसाची फी तीन वर्षांपर्यंत माणशी ३०४ पाउंड होती. हे दर बदलत राहतात, भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहा. तुमच्या कुटुंबाला आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर घेतली जाणारी रक्कम) नाही, ही मोठी सवलत आहे. आयटी किंवा इतर क्षेत्रातल्या स्किल्ड वर्कर वाचकांनी मात्र इथे थांबून हिशोब करावा: प्रौढाला वर्षाला १,०३५ पाउंड, मुलाला ७७६. जोडीदार आणि दोन मुलं, तीन वर्षं: ७,७६१ पाउंड, आणि तेही अर्जाबरोबर एकरकमी. वर्षाचा उरलेला भाग सहा महिन्यांहून जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरला जातो. व्हिसाची उरलेली मुदत बघून अर्जाची तारीख महिनाभर इकडेतिकडे केली तर कधी कधी बरेच पाउंड वाचतात.

आणखी दोन प्रकारच्या वाचकांसाठी, कारण त्यांचीही पत्रं येतात. केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर म्हणून ११ मार्च २०२४ नंतर या मार्गावर आलेल्यांना डिपेंडंट आणता येत नाहीत. २२ जुलै २०२५ पासून पदवीखालच्या पातळीच्या कामांवर नव्यानं येणाऱ्यांनाही सहसा नाही. परिचारिका त्यात मोडत नाहीत, म्हणून ताई, तुमच्या ओळखीच्या केअर होममधल्या कुणी ‘आता फॅमिली बंद झाली’ म्हटलं तर घाबरू नका. विद्यार्थ्यांमध्ये जानेवारी २०२४ पासून मुख्यतः पीएचडी आणि संशोधनप्रधान उच्च पदवीवाल्यांनाच कुटुंब आणता येतं. साध्या एक वर्षाच्या एमएस्सीवर नाही.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलं आहे, ‘त्या पूर्णपणे आमच्यावरच अवलंबून आहेत, मग डिपेंडंट का नाहीत?’ मराठी घरात हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्या कायद्यात हा शब्द नात्यांची एक छोटी यादी आहे: जोडीदार आणि अठराच्या आतली मुलं. आई-वडील, सासू-सासरे, भावंडं त्या यादीत नाहीत, मग ती तुमच्या ताटात जेवत असोत की नसोत. वृद्ध पालकांसाठी वेगळा मार्ग आहे, पण त्यासाठी तिथला माणूस ब्रिटिश नागरिक किंवा सेटल्ड लागतो. शिवाय त्या पालकांना रोजची वैयक्तिक शुश्रूषा लागते आणि पैसे खर्चूनही ती मायदेशात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. हिंडत्या-फिरत्या सासूबाई त्यात बसणार नाहीत, आणि बसू नयेत हेच बरं.

व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला यूकेमध्ये राहून डिपेंडंट व्हिसावर जाता येत नाही. एजंट जे ‘करून देतो’ म्हणतो ते करायची सोयच नाही. उरतं ते खोटं कारण किंवा खोटा कागद, आणि फसवणूक उघड झाली तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ती बंदी सासूबाईंवर येईल, चार लाख एजंटाकडे राहतील. तिथल्या सल्ल्याची गरज वाटली तर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे (व्हिसा सल्लागारांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) नोंदलेला सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठा. तुम्ही आधीच तिथे आहात, हे तुम्हाला सोपं आहे.

सासूबाईंनी खरोखरीच पाहुण्या म्हणून यावं. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. वर्षात अमुकच दिवस असा लिखित नियम नाही, पण पाठोपाठच्या लांब भेटींतून त्या तिथेच राहायला लागल्या असं दिसलं तर पुढची भेट अडते. अर्जात परत येण्याची कारणं दिसू द्या: त्यांच्या नावचं घर, सातबारा, पेन्शनचं पासबुक, जवळ राहणारी दुसरी मुलं. ‘सून ड्युटीवर असताना नातवाला सांभाळण्यासाठी’ हे वाक्य अर्जात येऊ देऊ नका, आणि तसा बेतही ठेवू नका. थोड्या दिवसांच्या भेटीत आजीनं नातवाला सांभाळणं वेगळं, आणि तीच तुमची पाळणाघराची सोय असणं वेगळं. प्रवासविमा मात्र नक्की काढा. व्हिजिटरला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) खर्चाच्या दीडपट बिल लावते, आणि ५०० पाउंड किंवा त्याहून जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

सासूबाई महाराष्ट्रात एकट्या राहतील, हा प्रश्न व्हिसानं सुटणारा नाही. तो पतींच्या भावंडांबरोबर बसून सोडवावा लागेल: रोज कोण डोकावणार, औषधं कोण आणणार, बँकेचं कोण बघणार, रात्री पडल्या तर पहिला फोन कुणाला. हे ठरल्याशिवाय पतींचा पाय निघणार नाही, आणि त्यांना त्यासाठी दोष देता येणार नाही.

घराचं सांगतो आणि थांबतो. तुम्ही दोन बेडरूमच्या घराला महिना १,१०० पाउंड भाडं सांगितलं आहे. बँड ५ च्या २०२५-२६ मधल्या सुरुवातीच्या ३१,०४९ पाउंडांतून कर, विमा आणि पेन्शनची वर्गणी जाऊन हाती महिना दोन हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे पतींना काम मिळेपर्यंत निम्म्याहून अधिक पगार भाड्यात जाणार. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, तुमच्या बाबतीत ती १,२६९ पाउंड होते. पती आल्यावर काउन्सिल टॅक्समधली (स्थानिक पालिकेचा घरावरचा कर) एकट्या व्यक्तीची २५ टक्के सूट जाईल, ते काउन्सिलला तुम्हीच कळवा. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मागू नका, तुमच्या व्हिसावर सरकारी अनुदान घ्यायला मनाई आहे. शाळा आणि डॉक्टर त्यात येत नाहीत, ते हक्कानं घ्या. मुलाच्या शाळेचा अर्ज पत्ता मिळाला की काउन्सिलकडे करायचा, पण जवळच्याच शाळेत जागा मिळेल असं नाही. घर घेण्याआधी आसपासच्या दोन-तीन शाळांना ‘त्या वर्गात जागा आहे का’ म्हणून विचारा. तुमची लाँग डे ड्युटी साडेबारा तासांची असते. नऊ वर्षांच्या मुलाला घरी एकटं ठेवणं तिथे फार गंभीरपणे घेतलं जातं, तेव्हा पहिले काही महिने पतींनी तुमच्या ड्युटीला जुळणारं अर्धवेळ काम धरणं शहाणपणाचं.

बारावीच्या पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत सुरू होतील. मुलीशी त्याआधी बोला, शक्यतो तुमच्या सुट्टीच्या दिवशी, आणि फीचे आकडे तिच्यासमोर ठेवून. तिला उत्तर द्यायला आठवडाभर द्या. जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाह नोंदणी यांची धावपळ मात्र आजच सुरू करा. तिचं उत्तर काहीही आलं तरी ते कागद लागणारच आहेत.